बॅनरपासून डावीकडे

पनवेलच्या ज्या कॉलेजात मी डिझाइन शिकवतो, तिथं मी लागलो तेव्हा पोरं ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकत. मग फ्लेक्स आले आणि ब्रश अडगळीत गेले. आता सगळं मोबाइलच्या स्क्रीनसाठी. बाजार वळेल तिकडं आमचा अभ्यासक्रम मान डोलावत जातो. माझी चिडचिड होते, पण शिकवतो मीही तेच.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. तिचं गाव विमानतळात गेलं आणि घरचे उलव्यात एका इमारतीत राहायला आले. वडील जन्मभर मिठागरात राबलेले. हल्ली त्यांना विसरायला व्हायचं. तिथल्या इमारती सगळ्या एकसारख्या, त्यामुळे खाली उतरले की त्यांना घर सापडायचं नाही.

"सर, बाबांना सेक्टर-बिक्टर कळत नाय," ती म्हणाली. "गावात देवळामागं, चिंचेखालून, असाच पत्ता सांगायचो आमी."

प्रोजेक्ट म्हणून तिनं रस्त्यावरच्या फाटकांशेजारी भिंतींवर खुणा रंगवल्या. कुठं खेकडा, कुठं होडी, स्वतःच्या फाटकाजवळ मिठाची रास. वडील एकटे फिरायला जाऊन परत येऊ लागले. ती हरखून गेली, आणि खरं सांगायचं तर मीही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पण यात स्क्रीन कुठाय?" मी भांडलो. काही उपयोग झाला नाही. पोरीनं मुकाट्यानं त्याच खुणांचं अ‍ॅप केलं. ती त्यात गुंतलेली असताना दिवाळी आली, सोसायट्यांनी भिंती नव्यानं रंगवल्या आणि खुणा पुसल्या गेल्या. पुन्हा काढायला कुणी परवानगी देईना. अ‍ॅपला पहिला नंबर मिळाला. वडिलांकडे बटणांचा फोन होता.

निकालानंतर थोड्याच दिवसांत ते खाली उतरले आणि परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी खाडीत सापडले, जुन्या गावाच्या बाजूला. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे उलव्यातल्या पोरांनी तिच्या घराजवळच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर लावला. मध्ये वडिलांचा मोठा फोटो, मागं निळे ढग, अक्षरं भडक. असल्या बॅनरना मी वर्गात नावं ठेवत आलोय.

तेराव्याला गेलो, तर मलाच घर सापडेना. तिला फोन केला.

"नाक्यावर बाबांचा बॅनर हाय ना सर, तिथून डावीकडे वळा," ती म्हणाली. "आता सगळ्यांना बरोबर सापडतंय."