येळवशीला सांगितलेलं बाहुल्यांचं गाव

"ओ पाव्हणं, ओ पांढरी टोपी, उन्हाचं कुठं निघाले? या की जेवायला."

बांधावरचा तो माणूस इतका ओरडत होता की चाकूरपर्यंतच्या म्हशींनी दूध चोरलं असेल. मी ऐकू न आल्यासारखा आणखी वीस पावलं चाललो. पहिल्या हाकेला वळलं की माणूस भुकेला दिसतो. तिसरीला वळलो.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, ही आमच्या लातूरकडची नवलाई. त्या दिवशी झाडून सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा मांडतात, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी खातात, आंबील पितात आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारतात. ओस पडलेली शहरं जगात ढिगानं असतील, पण जेवायला म्हणून ओस पडणारं आमचं एकटंच. सकाळी मी गंजगोलाईच्या, म्हणजे आमच्या सोळा रस्त्यांच्या बाजाराच्या, मधोमध शिंकलो, तर सोळा रस्त्यांनी सोळा शिंका परत आल्या. सतरावी शिंकायला माणूस नव्हता.

शेत विकलं, बायको गेली, लेक पुण्याला. म्हणून येळवशीला यष्टी धरतो, कुठल्या तरी फाट्यावर उतरतो आणि मोठ्या कामाला निघाल्यासारखा ताठ चालतो. फाटा दर वर्षी नवा. एकाच कोपीत दोनदा गेलं की पाहुण्याचा भिकारी होतो. पण कोपी इथूनतिथून सारख्याच, आणि माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत.

शेताच्या मालकानं, त्या हाका मारणाऱ्यानंच, कोपीत घोंगडीवर बसवलं. "कुणीकडून येणं झालं?" मालकानं विचारलं आणि आपल्या म्हाताऱ्या आईकडं बघितलं.

"परदेशातून. सकाळीच उतरलो."

मग मी सुटलोच. वाळवंटात एक खड्डा आहे, पन्नास वर्षं झाली जळून राहिला. मी त्यावर वांगी भाजली. एका बेटावर माणसांपेक्षा मांजरं जास्त, सरपंचसुद्धा बोकाच, आणि लई खाऊ. मालकाला हसता हसता आंबिलीचा ठसका लागला.

"आणि जपानात डोंगरात एक गाव आहे," मी म्हणालो. "माणसं निघून गेली. एका बाईनं गेलेल्या एकेकाची चिंध्यांची बाहुली केली आणि जिथल्या तिथं बसवली. शेतात, शाळेत, यष्टीच्या थांब्यावर. मी स्वतः मोजल्या, साडेतीनशे."

इथं पुढची थाप सुचेना. गाव खरंच आहे. मोबाइलवर ते मी इतक्यांदा बघितलंय की थांब्यावरची म्हातारी बाहुली आता माझ्या ओळखीची झालीय.

"तिथं जेवायला कोण बोलवतं?" मालक म्हणाला.

"कोणी नाही. म्हणून तर निघून आलो."

म्हातारीनं वर न बघता माझ्या ताटात पळीभर भज्जी वाढली.

"मागल्या येळवशीला अडीचशे म्हणला व्हता," ती म्हणाली. "जेवा."