पेरूच्या खोडातली तार

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू सगळ्यांशी बोलणं 'काहून बापा', म्हणजे 'का रे बाबा', असंच सुरू करतात, मग समोर दूधवाला असो की अंगणातलं पेरूचं झाड.

काकांनी कपडे वाळत घालायला त्या झाडाला तार बांधून दिली होती. काका गेले. खोड जाड होत गेलं आणि तार सालीत रुतली. तिच्या वर साल फुगली, खाली खोड बारीकच राहिलं. यंदा पानं पिवळी पडली.

मी म्हटलं, "काकू, पानं जेवण तयार करतात, ते सालीतून खाली मुळांना जातं. तारेनं ती वाट आवळली."

काकू तारेवरून बोट फिरवत राहिल्या. "म्हंजे मी रोज पाणी टाकून राहिली, अन् मुया उपाशी होत्या?"

"तार तोडू का?" मी विचारलं.

"तू राहू दे. त्यायनं बांधली होती, मीच काढीन."

पक्कड आणून त्यांनी साल न दुखावता तार हळूहळू सोडवली. पावसाळ्यात झाडाला पालवी आली.

आता काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन, गुडघा धरत गच्चीवर जातात. अंगणात भिंतीला दोरी बांधून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "नोको. अंगणात त्यायचीच तार होती."