ड्रॉइंग शीटवरचं माहेर

पन्नाशीला टेकल्यावर मी खामगावला समुपदेशनाचा कोर्स लावला. तिथं जिनोग्राम शिकवला. म्हणजे घराण्याचा नकाशाच. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मेलेल्यावर फुली, भांडणाला नागमोडी रेघ. सरावासाठी सरांनी फळ्यावर युरोपातल्या एका नावाजलेल्या बँकर घराण्याचा काढला. त्यांच्यात काकाच्या मुलीशी लग्नं! सगळा वर्ग "अगं माय" करून हसला. पेढी पोरांच्या हातात, पोरींना त्यात वाटा नाही. माझं डोकंच सणकलं. माझ्या कागदावर उतरवलेल्या नकाशाखाली हे पोरींच्या वाट्याचं तेवढं मी लाल पेनानं लिहून ठेवलं. मग सर म्हणाले, आता आपापल्या घराचा काढून आणा.

रविवारी मोठी ड्रॉइंग शीट घेऊन वडनेरला माहेरी गेले. आई अंगणात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. तिला काय, बोलायला आयतं निमित्त. आजोबांच्या दोन बायका, लहानपणीच गेलेली माझी एक आत्या, सगळं धडाधड सांगत सुटली. तेवढ्यात धाकटा भाऊ शेतातून आला आणि शीट पाहून दारातच थबकला.

"वंशावळ काऊन काढून राह्यली, ताई? तलाठ्यानं मागतली का?"

"नाही बे, अभ्यास हाये माझा."

"या वयात?"

त्याला पटावं म्हणून मी बॅगेतून बँकरवाल्यांचा नकाशा काढून दाखवला. काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे! लाल अक्षरांवर बोट ठेवून तो म्हणाला, "अन् हे पोरीयच्या वाट्याचं कोणासाठी लिहून ठेवलं?"

आईचे हात थांबले. पुढचं विचारलं तर म्हणे, "मले नाही आठवत बाप्पा आता." आत्ताच तर घडाघडा बोलत होती! भाऊ तसाच मळ्यात निघून गेला. मला असा संताप आला! ज्याला कडेवर घेऊन मी गावभर हिंडले, तो माझ्याकडे चोर आल्यासारखा पाहतो? आणि मग माझ्याच डोक्यात किडा वळवळला. हा एवढा घाबरतो कशाला? बाबा गेल्यावर यानं परस्पर काही करून तर ठेवलं नाही?

तिथंच मोबाइलवर शेताचा सातबारा उघडला. आईचं नाव, त्याचं नाव, आणि खाली माझं. बाबा गेल्यावर लागलं होतं तसंच. आमच्याकडे वर्षाच्या आत बहिणींच्या हक्कसोडावर सह्या होतात. यानं कधी विषयसुद्धा काढला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मळ्यात गेले. तो वांगी तोडत होता.

"माझं नाव काढलं नाही काऊन रे?"

मान वर न करता तो म्हणाला, "इचारलं असतं अन् तू नाही म्हटलं असतं तर? मंग तुहं येणंच बंद झालं असतं. म्हणून इचारलंच नाही."

माझे डोळे भरून आले. "येडा हायेस का बे," म्हणाले.

त्यानं पाटी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "मंग आता इचारतो. देशील सही?"

सकाळपासून त्याच्या संशयावर जळत होते मी. नुसतं हो म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. त्यानं पाटी उचलली, आणि पुन्हा वांगी तोडायला लागला.