खूण न मारलेली मादी

भगत, उतारे, अंगात येणं... या सगळ्याची मी आजवर टवाळीच केली. धंद्याने कंपाउंडर, औषध मोजून देणारा माणूस. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

पाच वर्षांपूर्वी मी एका संशोधनाच्या आगबोटीवर नोकरीला होतो. पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात. तिथे देवमाशांची बेसुमार शिकार चालते. आमचा साहेब बंदुकीने त्यांच्या चरबीत नंबर घातलेली लोखंडी खूण मारायचा; खुणा मोजून त्याच्या हातात देणं माझं काम. पुढे शिकाऱ्यांना ती सापडली, की मासा कुठून कुठे गेला ते कळणार. आणि किती मारले तर वंश टिकेल, हे सरकारला सांगता येणार.

दहिवलीहून, माझ्या गावाहून, निघालो तेव्हा माझ्या बायकोला, सगुणेला, पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं जन्मतानाच गेलेली. आई म्हणाली, "बायको पोटुशी हाय. जिवावर हत्यार धरू नको रं." मी हसलो, पण धास्ती मलाही होतीच.

संक्रांतीच्या दुपारी एक मादी पिल्लाला घेऊन बोटीला अगदी खेटून आली. साहेबाने खूण मागितली... आणि माझी मूठ उघडेना! खुणेने तिला काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणालो, "साहेब, ही राहू द्या." तेवढ्यात तिने श्वास सोडला. ऊनऊन, ओली वाफ, कुजक्या मासळीचा वास — आम्ही दोघे न्हालो. मग ती पिल्लासकट बुडाली. साहेब चिडून एवढंच म्हणाला, की खूण नाही, तर ती कुठे गेली हे कधीच सांगता येणार नाही.

घरी परतलो तेव्हा सगुणेच्या मांडीवर मुलगी होती. संक्रांतीचाच जन्म. आई सांगू लागली, की सगुणेने डोळे फिरवले होते, सगळ्यांनी आशा सोडली होती; तेवढ्यात खोलीत ऊन वाफ आली, मासळीचा वास सुटला. मी म्हणालो, सुकट असेल.

"बाळंतिणीच्या खोलीत सुकट कोन ठेवील रं?"

मादीबद्दल मी कुणाला अक्षर कळवलं नव्हतं. सगुणेने तर समुद्रही पाहिलेला नाही. ती हळूच म्हणाली, "आवं, कुनीतरी लई मोठं माज्यासंगं श्वास घेत व्हतं. त्येनं सोडला, की मी सोडायची."

मला रडू आलं.

ती खूण अजून माझ्या ट्रंकेत आहे. साहेबाचा नियम मी आजही मानतो: खूण नसेल, तर मासा कुठे गेला ते सांगू नये. म्हणून ती दहिवलीला आली होती, असं मी म्हणत नाही.