आधी गांजा सोड, मग दात बघते

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढेसुद्धा नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित बोलवतंय – थोडं अडखळत बोलेन, चालवून घ्या.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे अमरावतीचे. मी डेंटिस्ट आहे, इथे अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये माझं स्वतःचं क्लिनिक आहे. तो तिथून जवळच, कोलंबसमध्ये एका थिएटरात लाइट्स करतो. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांचे लाइट्सही तोच करायचा. सगळ्यांच्या पोरांची नावं त्याला पाठ. पोरं त्याला 'मिलूमामा' म्हणतात, ज्यांचा तो मामा नाही तीसुद्धा.

त्याला एचआयव्ही आहे हे त्याने मला माझ्याच किचनमध्ये सांगितलं, भेंडी चिरता चिरता. "ताई, मी पॉझिटिव्ह आहे. गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट छान आहेत. आता रडू नकोस, भेंडी चिकट होईल." मी त्याला घट्ट जवळ घेतलं. त्या दिवशी आम्ही एकाच ताटात जेवलो. ते खरं होतं हो – त्यात ढोंग नव्हतं. म्हणून पुढचं सांगताना आणखी लाज वाटते.

पुढे काही वर्षांनी त्याच्या तळपायांची जळजळ सुरू झाली. नसांचं दुखणं. जेवणही जाईना. मग तो संध्याकाळी गांजा ओढायला लागला. आता इथे त्यात बेकायदा काही नाही. त्याने तो लपवलाही नाही. "ताई, दोन घास जातात गं त्याने," म्हणायचा. आणि एका रविवारी म्हणाला, "ब्रश केला की रक्त येतं. बघतेस का जरा?"

आता मला सांगा – मंडळाच्या पॉटलकला हातात प्लेट घेऊन उभ्या असलेल्या काकूंच्या तोंडातसुद्धा मी फोनचा टॉर्च मारून डोकावते. सख्ख्या भावाला काय म्हणाले असेन?

म्हणाले, "गांजाने तोंड कोरडं पडतं, हिरड्या सुजतात, जंतू वाढतात. आधी गांजा सोड, मग दात बघते."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं कामी आलं. त्याने विचारलं की मी हेच म्हणायचे, जरा रागावून, मोठ्या बहिणीच्या आवाजात. आणि तो हसून म्हणायचा, "आमच्या ताई फार स्ट्रिक्ट."

खरं कारण गांजा नव्हतंच. मला भीती वाटत होती. साफ करताना हत्यार निसटलं आणि माझ्या बोटाला लागलं तर? गोळ्यांमुळे त्याच्या रक्तात व्हायरस टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक पेशंट इन्फेक्टेड आहे असं धरूनच काम करायचं, हे मी माझ्या असिस्टंटना स्वतः शिकवलंय. परक्यांच्या तोंडात रोज हात घालते, त्यांना काय आहे ते कुठे ठाऊक असतं? पण त्याचं ठाऊक होतं. आणि दुसरी भीती – ती तर आणखी क्षुद्र – आपल्या लोकांत कळलं तर पेशंट यायचे थांबतील. दुसऱ्या डेंटिस्टकडेही मी त्याला पाठवलं नाही. पाठवलं असतं तर मी स्वतः का बघत नाही, ते सांगावं लागलं असतं. तो माझ्यासाठी थांबून राहिला.

मग तो विसरायला लागला. कोथिंबीर हातात धरून "ही... ही गं, हिरवी..." करत उभा राहिला. एका प्रयोगात लाइट बदलायचा क्यू चुकला. माझ्या मुलीला, सईला, त्याने माझ्या नावाने हाक मारली. घरात सगळे म्हणाले, गांजाचा परिणाम. सगळ्यात आधी कोण म्हणालं? मी.

आणि त्याने गांजा सोडला. मी सांगितलं म्हणून. पायांना बूट सोसवेना, म्हणून थंडीत सँडल्स घालून तो क्लिनिकला आला. चेहऱ्यावर नुसता आनंद. "सोडला, ताई! झोप लागत नाही, पण सोडला. आता बघ दात."

मी त्याच्या सँडल्सकडे बघितलं. म्हणाले, "अरे, शेड्यूल अगदी फुल आहे. पुढच्या महिन्यात कॉल करते."

केला नाही.

हेच सांगायचं होतं. नंतर त्याने फोन केले तेव्हाही मी काही ना काही सबब काढली. सई एकदा म्हणाली, "मॉम, यू आर अ डेंटिस्ट. जस्ट सी हिम." मी तिला अभ्यासाला बसवलं.

शेवटी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनीच त्याचं तोंड उघडून बघितलं. मीही तेव्हा सोबत होते. त्या म्हणाल्या, हिरड्यांमध्ये असे जंतू वर्षानुवर्षं राहिले तर सूज तोंडापुरती राहत नाही. मेंदूवरही परिणाम होत असावा. गांजा, हे जंतू आणि व्हायरस मिळून नेमकं काय करतात, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पण हे तोंड केव्हाच साफ व्हायला हवं होतं. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस कुणाला दाखवलं कसं नाही?

मिलिंद म्हणाला, "माझाच आळस. ही माझी बहीण, डेंटिस्ट आहे. ती बिचारी मागे लागली होती."

मी ते तसंच राहू दिलं. त्याला खरंच तसं वाटत होतं, की मला वाचवत होता? मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या एका डेंटिस्टने त्याच्या मागच्या दाढा काढल्या. हिरड्या भरून आल्या. विसरणं वाढलं नाही, पण काही शब्द गेले ते गेलेच. त्यातलं माझ्यामुळे किती, हे कुणी सांगू शकणार नाही. थिएटरात आता त्याच्या शेजारी एक मुलगी बसते, क्यू सांगायला. त्याची तक्रार नाही. रविवारी येतो, सईला नागपुरी वडाभात करून घालतो, जळजळ असह्य झाली की डॉक्टरांना विचारून औषध बदलून घेतो, आणि चारचौघांत सांगतो, "ताईने माझा गांजा सोडवला."

गेल्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसवलं. तो निवांत तोंड उघडून पडून होता. मध्येच थांबवून म्हणाला, "ताई, तुझा हात किती हलका आहे गं. उगाच घाबरत होतो मी."

त्या दिवशी मी एकावर एक असे दोन हातमोजे घातले होते. इतर कुणासाठी मी तसं करत नाही.