आमेन झालं की काट

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, किस्से गोळा करावे लागत नाहीत. रविवारची उपासना संपली, चहा झाला आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालायला लागलं, की दोन-तीन आपोआप पायात येतात. भूगावच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल, पन्नासेक माणसं, निम्मी आयटीतली आणि उरलेली आयटीतल्यांचे आई-बाप. एवढ्या मुद्देमालात किती किस्से होणार, असं मला परभणीहून इथे आले तेव्हा वाटलं होतं. मग साळवे सरांनी कादंबरी लिहायला घेतली!

साळवे सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. वय चौऱ्याहत्तर. कादंबरी ऐतिहासिक: धरण व्हायच्या आधीच्या मुळशी खोऱ्यातला राणोजी पाटील नावाचा माणूस बाप्तिस्मा घेतो, त्याची गोष्ट. नऊ वर्षं सर त्यावर बसलेत. सर पाठकोऱ्या कागदांवर लिहितात आणि ते टाइप करते मी. पहिल्या भेटीत मी "काही मदत लागली तर सांगा" असं म्हणाले होते. ते म्हणायचं असतं म्हणून म्हणतात, हे हेडमास्तरांना कोण सांगणार?

*

सगळ्या घोळाचं मूळ सरांच्या नम्रतेत आहे. प्रत्येक नवं प्रकरण सर उपासनेनंतर हॉलमध्ये वाचून दाखवतात आणि मग मंडळी त्यावर प्रार्थना करते. सुरुवातीलाच सरांनी जाहीर केलं की, प्रार्थनेत जी गोष्ट काढून टाकायची विनंती होईल आणि जिला सगळे मिळून 'आमेन' म्हणतील, ती मी काढीन. नवी घालायला सांगाल तर घालीन. मंडळीचा आवाज तो प्रभूचा आवाज.

आता टीका केली तर माणूस उत्तर देतो. प्रार्थनेला काय उत्तर देणार? डोळे मिटलेले, हात जोडलेले, मध्ये बोलायची सोय नाही. आणि आमेन काय, बसचं तिकीट घेतल्यासारखं आपसूक निघतं.

पहिल्याच प्रकरणात राणोजी चिखलणी करून घरी येतो आणि घोटभर दारू घेतो. लगेच एक काका उभे राहिले. "हे प्रभु, तुझ्या सेवकाच्या लेखणीतून अनवधानाने जे पेय सांडलं, ते तू पुसून टाक." आमेन! सरांनी पेन्सिल काढून काट मारली. तेव्हापासून आमचा पाटील दिवसभर गुडघाभर चिखलात राबून आल्यावर दूध पितो. आणि बाप्तिस्मा तर त्याने अजून घेतलेलाही नव्हता.

*

चौथ्या प्रकरणात राणोजी बायकोचा हात धरतो. नुसता हात. त्यावर एका मावशींनी कळवळून प्रार्थना केली की प्रभु, आधी त्यांचं लग्न लागू दे. त्यांचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, तीन मुलं होती आणि थोरला मागच्याच प्रकरणात झाडावरून पडला होता. मागचं प्रकरण वाचलं त्या रविवारी मावशी लोणावळ्याला गेल्या होत्या. पण सांगणार कसं? आमेन झालं!

आता कादंबरीत ती बाई जिथे जिथे येते, तिथे 'राणोजीची लग्नाची बायको' अशीच येते. मी टाइप करताना मोजलं नाही, बोटं दुखली एवढं खरं.

*

सर संशोधनात काटेकोर. एकदा मला स्कूटरवर मागे बसवून पौडच्या पुढे एका गावात घेऊन गेले. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, बाबा, मला शंभर वर्षांपूर्वीचं गाव बघायचंय.

बाबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. पुण्याकडून, बावधनच्या बाजूने स्कूटरवर येणारी माणसं काय बघायला येतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"उशीर केलासा," बाबा म्हणाले. "ते आमी कवाच इकलं."

*

नववं प्रकरण अडलं. सरांनी उपास-प्रार्थना धरली. दोन दिवस नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी रूथबाईंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, काही न बोलता सुक्या बोंबलांची चटणी परतायला घेतली. सर आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतात, तो वास आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.

संध्याकाळी सर प्रसन्न चेहऱ्याने कागद घेऊन हजर. प्रभूने वाट दाखवली होती. राणोजीच्या घरी अचानक जेवणावळ निघाली होती आणि ती अडीच पानं चालली होती. रविवारी ते प्रकरण एकही काट न बसता पास झालं. अशी प्रेरणा क्वचित उतरते, असं सगळे म्हणाले. रूथबाई कपबशा विसळत होत्या. "उतरली नाही," त्या मला म्हणाल्या, "तव्यावरून वर चढली."

*

आता भास्करराव. आमच्या पंच कमिटीचे चेअरमन, आणि राणोजी पाटील हे त्यांचे सख्खे पणजोबा. म्हणजे कादंबरी सरांची, पण नायक भास्कररावांच्या घरचा. नायकाचा फोटो नाही म्हणून मुखपृष्ठासाठी त्यांनी स्वतः फेटा बांधून फोटो काढून दिला. फेटा मुलाच्या साखरपुड्यातला होता, त्यावरचा तुराही तसाच.

"आपल्यात जात नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते हरकत नाही, चांगलंच वाक्य आहे. पण मुलाच्या लग्नाची जाहिरात त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतली होती. 'ख्रिस्ती, मूळचे पाटील. अनुरूप घराणे हवे.' मी विचारलं, अनुरूप म्हणजे? तर म्हणाले, "तू टाइप कर गं."

प्रकाशनासाठी भूगावचं लॉनही त्यांनी बुक करून टाकलं. कादंबरीची तेव्हा दहाच प्रकरणं झाली होती.

*

आणि मग अकरावं प्रकरण आलं.

सरांना कुठल्याशा जुन्या मिशन बंगल्यातल्या कपाटात एक रजिस्टर मिळालं. त्यात त्या काळच्या पाळकांनी लिहून ठेवलं होतं: राणोजीबरोबर त्याच गावचा भिवा, गावकुसाबाहेरचा, याचाही बाप्तिस्मा झाला. पण प्रभुभोजनाचा प्याला भिवाच्या ओठांना लागल्यावर राणोजी त्याला तोंड लावायला तयार होईना. एकाच प्याल्यातून सगळ्यांनी प्यायचं, हाच तर विधी. शेवटी तडजोड निघाली. प्याला आधी पाटलाला, भिवाला सगळ्यांत शेवटी.

सरांनी ते लिहिलं. आठ पानं. नऊ वर्षांत त्यांनी लिहिलेली सगळ्यांत चांगली आठ पानं, हे मी प्रत्येक अक्षर टाइप केलंय म्हणून सांगते. त्यात कुणाला झोडपलेलं नव्हतं. राणोजीला शेवटी त्याची लाज वाटते आणि ती त्याला बोलून दाखवता येत नाही, एवढंच होतं.

मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, सर, कशाला? शेवटी कादंबरीच आहे, गाळा ना.

सरांनी आठही पानं माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाले, "हे गाळलं तर उरलं ते भास्कररावांच्या घरची लग्नपत्रिका. त्यासाठी मी नऊ वर्षं प्रार्थना केली का?"

मला माझी लाज वाटली. पण नियम त्यांचा त्यांनीच केला होता आणि तो मोडायला ते तयार नव्हते. मंडळीने आमेन म्हटलं तर पानं जाणार होती.

*

त्या रविवारी हॉल भरला होता. बातमी आधीच फुटली होती. सरांनी आठही पानं वाचली. वाचून झाल्यावर कुणी चहाकडे पाहिलंसुद्धा नाही.

भास्करराव उभे राहिले. डोळे मिटले. प्रार्थना त्यांनी फार सुंदर केली, हे मान्य करायला हवं.

"हे प्रभु, तुझ्या घरात आम्ही सगळे एक आहोत. जुन्या जखमा उकरण्याच्या मोहापासून तुझ्या सेवकाला सांभाळ. हे प्रकरण त्याच्या हातातून तू काढून घे."

आमेन.

सगळे म्हणाले. पाळक म्हणाले, राणोजीची दारू पुसणारे काका म्हणाले, लोणावळ्याच्या मावशी म्हणाल्या. मीही म्हणाले. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं.

सरांनी पेन्सिल काढली. पहिल्या पानावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ. मग दुसऱ्या. हॉलमध्ये पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. आठव्या पानावर रेघ मारून त्यांनी कागद सारखे केले.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. शांताबाई उभ्या राहिल्या होत्या. पौडच्या पलीकडून दोन वाहनं बदलून त्या दर रविवारी येतात, मागे बसतात, चहा घेऊन जातात. मी त्यांना मोठ्याने प्रार्थना करताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना कादंबरीतलं काही कळत नसावं, असाच आमच्या सगळ्यांचा समज होता.

"देवबापा," त्या म्हणाल्या, "सरांनी लिव्हलंय त्यात येक चुकलंय. भिवा माझ्या आज्याचा बाप. त्याला प्याला शेवटी दिला न्हवता. प्याला दिलाच न्हवता. वंजळीत वरनं वतला. कोपरापत्तूर गळाला तो बी त्यानं चाटून घेतला, पर खाली सांडू दिला न्हाई. आमच्या घरात समद्यांना ठावं हाय. येवढं सरांकडनं नीट लिव्हून घे."

त्या बसल्या.

प्रार्थना तर झाली होती, आणि झालेली प्रार्थना तशीच लटकत ठेवायची रीत आमच्यात नाही. पाळकांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच आमेन म्हणाले. मग रूथबाई म्हणाल्या. मग पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे म्हणाले. भास्कररावांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

सरांनी खिसे चाचपले. मग माझ्याकडे बघून विचारलं, खोडरबर आहे का?

माझ्याकडे कुठलं? भास्कररावांच्या मिसेस शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवतात. नवऱ्याच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली, तळापर्यंत हात घालून खोडरबर शोधलं आणि स्वतः उठून सरांना नेऊन दिलं.