दादाचा मासा आणि माझे कोरल

सडक अर्जुनीच्या आमच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक होता. त्यात नुसते मासे होते. मला त्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवायचे होते, म्हणून मी त्यांना लागणारे प्रखर दिवे बसवले आणि नागपूरहून आणलेले जिवंत कोरल दगडांवर चिकटवले. दादाचा लाडका ट्रिगर मासा ते कुरतडू लागला. तो दुकानदाराला परत देऊ, असं मी म्हटलं.

"तुह्या गोट्यांसाठी माहा मासा काऊन जाईन?" दादा ओरडला.

"गोटे नाही, जीव हायेत ते!"

माशांच्या आजारावरचं तांब्याचं औषध कोरलला मारतं, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर टँकशेजारी त्याच औषधाची रिकामी बाटली होती आणि सगळे कोरल आक्रसले होते.

"मासे बिमार होऊन राहिले होते," दादा म्हणाला. एकाही माशावर आजाराचा डाग नव्हता.

मेलेले कोरल मी खरवडून काढले आणि दादा जेवत होता तिथे, त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने ताट सरकवलं आणि जेवत राहिला. महिनाभरात मी गोंदियाला खोली केली. आईने फोनवर किती समजावलं, पण त्याच्याशी बोलायची इच्छा मला आजही होत नाही.